मूकपटातल्या करामती मोबाइलवर: पहिला दोन मिनिटांचा विनोदपट असा काढा

माणूस खुर्चीत बसायला जातो आणि खुर्चीच नाहीशी होते. सांडलेला चहा उलटा कपात चढतो. एकच नट एका चौकटीत दोघे होऊन भांडतो. या करामती १८९५ ते १९२५ या तीसेक वर्षांत बसल्या, आणि बहुतेक कॅमेऱ्याच्या आतच व्हायच्या: फीत थांबवून, मागे गुंडाळून, हँडल हळू फिरवून. मोबाइलवर त्या सहज जमतील असं वाटतं. पण नवख्यांचे पहिले प्रयत्न जवळजवळ नेहमी एकाच कारणाने फसतात. सगळं लक्ष करामतीकडे असतं आणि आजूबाजूचं जग हलत राहतं. पडदा फडफडला, ऊन सरकलं, ट्रायपॉडला पाय लागला की जोड उघडी पडते. म्हणून या लेखात करामतीइतकीच जागा काहीही न हलू देण्याला दिली आहे.

उदाहरण म्हणून एकच साधी गोष्ट धरू: एका माणसाला खुर्चीत बसून निवांत चहा प्यायचा आहे. सगळ्या करामती तिच्याच आधाराने करून पाहू. एकच तेवढी वेगळी आहे.

१. सामान आणि कागदपत्रं

- फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) हाताने कायम करता येईल असा मोबाइल (प्रो मोड किंवा तशी सोय देणारं अ‍ॅप)
- ट्रायपॉड, आणि त्याच्या मधल्या दांड्याला लटकवायला ३-४ किलो वाळूची किंवा तांदळाची पिशवी
- ब्लूटूथ रिमोट (फोटो काढताना फोनला हात लागू नये म्हणून)
- रंगीत चिकटपट्टी, पेन्सिल, व्हाइटबोर्ड मार्कर
- टाल्कम पावडर, दोन जुने टॉवेल, एक गादी
- काळं कापड (फक्त पायरी ८ साठी)
- थर (एकावर एक व्हिडिओ) आणि मास्कची (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवण्याची) सोय असलेलं कुठलंही व्हिडिओ जोडायचं अ‍ॅप

कागदपत्रं थोडीच लागतात, पण आधी तयार ठेवा. नटांचं लेखी संमतिपत्र. नट १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची सही. सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर चित्रण असेल तर कमिटीचं पत्र. रस्त्यावर ट्रायपॉड लावायचा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आणि पालिकेत आधी विचारा. पहिल्या चित्रपटासाठी घराची एक खोली पुरते.

२. आधी गंमत लिहा, मग करामत

फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी १८९५ साली काढलेला माळ्याचा छोटा चित्रपट जरूर पाहा. माळी झाडांना पाणी घालतोय. पोरगा मागून नळीवर पाय देतो. पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो. एक मिनिटही लागत नाही आणि करामत एकही नाही. पण एक गोष्ट अचूक आहे: काय होणार ते प्रेक्षकाला आधी कळतं आणि माळ्याला नंतर. पुढच्या सगळ्या आपटाआपटीच्या विनोदाचा हा पाया आहे. करामतीने प्रेक्षक चकित होतो. हसतो तो माणसाच्या फजितीला.

आपली गोष्ट अशी मांडा. माणूस कप घेऊन येतो, बसायला जातो, खुर्ची गायब, आपटतो. खुर्ची दुसऱ्या दाराने आपली आपण चालत येते. माणूस चिडून तिच्याकडे वळतो, तर तिच्यात तोच बसलेला आहे आणि चहा पितोय. दोन मिनिटांना तीन करामती भरपूर झाल्या. चौथी घातलीत तर माणसाला थक्क व्हायलाच वेळ उरत नाही, आणि त्याचं थक्क होणं हीच तर गंमत आहे. कागदावर ८ ते १० शॉट लिहा, प्रत्येकी ५ ते १२ सेकंदांचे.

३. कॅमेरा बांधून टाका

नटापासून ४-५ मीटर लांब, छातीच्या उंचीवर. डोक्यापासून पायांपर्यंत सगळा माणूस चौकटीत हवा, कारण या विनोदात पाय चेहऱ्याइतकंच बोलतात. लेन्स साधी १× वापरा. जास्त रुंद लेन्सला कडेच्या भिंती वाकतात आणि पुढे डबल रोलची जोड जुळत नाही.

मग क्रमाने:

- स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करणारी सोय) बंद करा. नवख्यांना सर्वांत जास्त छळणारी चूक हीच. फोन ट्रायपॉडवर स्थिर असला तरी हे सॉफ्टवेअर नटाच्या हालचालीवरून चौकट किंचित सरकवत राहतं.
- एचडीआर (उजेड-अंधार आपोआप सांभाळणारी सोय) बंद. फोकस, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर (एकेका चित्राला उजेड मिळण्याचा वेळ), व्हाइट बॅलन्स चारही हाताने ठरवून कायम करा.
- शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/६० शटरला ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे फिरतात.
- फोन विमान मोडवर. ऐन शॉटमध्ये फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं.
- छताचा पंखा बंद, पडदे टाचणीने बांधलेले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं. चौकटीतला मिनिटकाटा हमखास चुगली करतो.
- खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ढगाळ दिवस निवडा किंवा खिडकी झाकून दिव्यांवर काम करा.
- ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा.

४. गायब करणं: अदलाबदलीचा शॉट

पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस सांगायचा की रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा अडकला, आणि नंतर पडद्यावर पाहतो तर घोड्यांच्या बसची शववाहिनी झालेली. किस्सा गोड आहे, पण युक्ती त्याच्याही आधीची. एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच मेरी स्टुअर्टच्या शिरच्छेदाच्या दृश्यात नटाच्या जागी बाहुला ठेवला होता. मेलिएसने १८९६ मध्ये याच युक्तीने एक बाई खुर्चीवरून नाहीशी केली. नवख्याने त्याच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. तो नुसता कॅमेरा थांबवून मोकळा होत नसे. थांबण्याच्या जागेची फीत कापून पुन्हा चिकटवायचा. करामत सेटवर अर्धीच होते, उरलेली अर्धी कात्रीने करायची असते.

खुर्ची अशी गायब करा:

अ. रेकॉर्डिंग सुरू करा आणि मध्ये थांबवूच नका. बटण दाबताना फोन हलतोच.

आ. नट बसायला खाली येतो. ढुंगण बैठकीपासून वीतभर वर असताना ‘थांब’ म्हणा. तो जागच्या जागी गोठतो, नजरही एकाच बिंदूवर.

इ. दुसऱ्या कोणीतरी फोनच्या स्क्रीनगार्डवर व्हाइटबोर्ड मार्करने डोकं, कोपर आणि गुडघा अशा तीन खुणा कराव्यात. बोट काचेला लागू देऊ नका, फोकस सुटतो.

ई. मदतनीस चौकटीच्या कडेलाच उभा असावा. त्याने खुर्ची सरळ वर उचलून न्यावी. ओढली तर जमिनीवरची सतरंजी सरकते. अर्ध्या बैठकीत मांड्या लवकरच थरथरू लागतात, म्हणून झटपट काम आटोपा.

उ. खुणा पाहून नटाला जागेवर आणा: ‘डोकं जरा डावीकडे, कोपर वर.’ मग ‘हं’ म्हणताच तो खाली आपटतो. पायजम्याच्या आत मागच्या बाजूला टॉवेलची घडी ठेवलेली असू द्या.

ऊ. जोडताना गोठलेल्या सगळ्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) काढून टाका. नट अजून हलत असतानाची शेवटची फ्रेम आणि पुन्हा हलू लागल्याची पहिली फ्रेम थेट एकमेकींना भिडवा. तीन-चार स्थिर फ्रेम राहिल्या तरी नटाला उचकी लागल्यासारखं दिसतं.

एवढं करूनही डोकं बोटभर उडत असेल तर पावडरचा फुगारा वापरा. नट पुन्हा हलायच्या क्षणी मदतनीस बाजूने चिमूटभर टाल्कम उडवतो, आणि काप पावडर चौकटीत शिरते त्याच फ्रेमवर घ्यायचा. मेलिएसचा धूरही जोडीवर असंच पांघरूण घालतो. त्यासाठी पीठ उडवू नका. हवेत पसरलेलं बारीक पीठ ज्योतीजवळ पेट घेतं.

माणसालाच गायब करायचं असेल तर काम आणखी सोपं. त्याला उंच उडी मारायला सांगा आणि उडीच्या टोकाला कापा. पुढचा शॉट रिकाम्या खोलीचा. इथे जुळवायला काहीच नसतं, म्हणून सरावाला ही करामत सर्वांत आधी करून पाहा.

५. वेग

हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम जायच्या. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम. अमेरिकेत मॅक सेनेटच्या कीस्टोन या विनोदपटांच्या कंपनीत पोलिसांच्या पळापळीसाठी हँडल मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर सगळे भरधाव दिसत. जुने चित्रपट धावतात ते फक्त चुकीच्या वेगाने दाखवल्यामुळे, असं नाही. कित्येकदा तो वेग ठरवलेला असे.

मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमने (शटर १/१००) चित्रण करा आणि ३० फ्रेमच्या प्रकल्पात १.५ पट वेग द्या. मग बरोबर दर तिसरी फ्रेम उचलली जाते आणि हालचाल एकसारखी राहते. ३० फ्रेमने घेतलेल्याला १.५ पट वेग दिलात तर फ्रेम असमान गळतात आणि चाल लंगडते.

नटाने मात्र घाई करायची नाही. प्रत्येक क्रिया सुटी हवी: पाहिलं, थांबला, हात नेला, थांबला. घाईने केलेलं काम वेग वाढवल्यावर नुसती धांदल दिसते. चेहऱ्यावरची प्रतिक्रिया साध्या वेगातच ठेवा.

६. उलटी फीत

भिंत पाडतानाची फीत उलटी दाखवून लुमिएरनी १८९६ मध्ये भिंत पुन्हा उभी केली. गाडी नाकासमोर येऊन कचकन थांबते असे शॉटही नटापासून गाडी मागे नेऊन घेत आणि उलटे दाखवत.

आपल्याकडे चहा आहे. नट कप कलंडवतो, चहा जमिनीवर पडतो. उलटं केलं की जमिनीवरून धार उठून कपात शिरते. चहा थंड आणि कोरा घ्या. गरम चहाची वाफ उलट्या फितीत खाली उतरते आणि सगळं फोडून टाकते. चेहराही उलटा वाजवावा लागतो: शेवटी समाधान दिसायला हवं तर चित्रणाची सुरुवात समाधानाने करायची आणि शेवट आश्चर्याने. उलटं चालताना माणूस मागे झुकतो आणि पावलं आखूड टाकतो, तेही लगेच ओळखू येतं. म्हणून पहिल्या वेळी नटाला एका जागीच उभा करा. टोपी डोक्यावर उडत येऊन बसवायची असेल तर तिला काळा दोरा बांधा आणि डोक्यावरून झटकन ओढून घ्या. उलट्यात ती दर वेळी अचूक डोक्यावर बसते.

७. डबल रोल

१९२१ मध्ये बस्टर कीटन या अमेरिकन मूकपट विनोदवीराने एका नाटकघरातला सगळा संच स्वतःच वठवला. एका दृश्यात नऊ कीटन रांगेत उभे आहेत. एल्जिन लेस्ली या कॅमेरामनने लेन्सपुढे पट्ट्यांचं झाकण लावून एका वेळी एकच पट्टी उघडी ठेवली, आणि दर वेळी फीत मागे गुंडाळून पुन्हा तीच चालवली. हँडलचा वेग नऊही वेळा तोच हवा आणि कॅमेरा केसभरही हलता कामा नये. आपल्याला फक्त दोनदा घ्यायचं आहे.

जोड कुठे येईल ते आधी ठरवा. दाराची चौकट, खांब, कपाटाची उभी कड उत्तम; मोकळ्या भिंतीवर जोड ठेवली तर उजेडातला फरक दिसतो. त्या रेषेवर जमिनीला चिकटपट्टी लावा (नंतर काढायची). रेष ना नटाने ओलांडायची, ना त्याच्या सावलीने. सावली सगळेच विसरतात. दिवा पलीकडच्या बाजूला असेल तर नट रेषेपासून हातभर लांब असूनही त्याची सावली तिकडे पोचते आणि मास्कच्या कडेला सपकन तुटते.

दोन्ही वेळा मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं) अ‍ॅप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. आवाज नंतर काढून टाकायचाच आहे. क्रिया ठोक्यांवर बांधा: चौथ्याला वळतो, सहाव्याला बोट दाखवतो, आठव्याला दुसरा कप उचलतो. नजरेसाठी दुसरा जिथे बसणार तिथे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला ठिपका लावा. नजर त्याच्या कपाळावर गेली तरी दोघे एकमेकांना पाहत नाहीत असं वाटतं. अ‍ॅपमध्ये वरच्या थराला मास्क लावून कड १०-२० पिक्सेल मऊ करा.

फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके यांनीच केले होते. एकाच नटाने दोन वेगळी माणसं उभी करायची म्हणजे काय, ते चालीत आणि खांद्यांत असतं. तुमच्या दोन चहावाल्यांनाही दोन चाली द्या: एक ताठ, एक सैल. कपडे तेच असले तरी चालतात.

८. जमिनीवरचा मनोरा

ही करामत चहाच्या गोष्टीत बसत नाही, पण मुलांबरोबर करायला याहून सुंदर दुसरी नाही. सेगुंदो द शोमोन या स्पॅनिश करामतकाराने १९०७ मध्ये कसरतपटूंचे अशक्य मनोरे दाखवले: एक लहानगा डोक्यावर सगळा संच तोलून धरतो. प्रत्यक्षात सगळे जमिनीवर काळ्या कापडावर आडवे आहेत आणि कॅमेरा वरून सरळ खाली पाहतोय.

आपल्याकडे याची दहीहंडी होते, आणि तीही कोणी न पडता. खाली पाच वर्षांची मुलगी, तिच्या खांद्यांवर बाबा, त्यांच्यावर काका, वर आजी हंडी फोडतेय.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून फोन खालच्या अंगणाकडे धरा. साधारण ५ मीटर उंचीवरून लांब बाजूने ६ मीटरच्या आसपास जागा दिसते. फोन दोरीने कठड्याला बांधा आणि खाली कोणी आडवं असताना फोनजवळ दुसरी कुठलीही वस्तू ठेवू नका. फोनची पातळी दाखवणारी रेष वापरून लेन्स थेट खाली बघतेय याची खात्री करा. तिरपी राहिली तर लांबचे गोविंदा लहान दिसतात.

काय फसतं? केस आणि ओढण्या. उभ्या माणसाचे केस खाली लोंबतात, आडव्याचे चहूकडे पसरतात. तेल लावून घट्ट वेण्या घाला, सदरे आत खोचा. दुसरं म्हणजे पावलं: उभ्या माणसाचा तळवा खालच्याच्या खांद्यावर टेकलेला हवा, म्हणून प्रत्येकाने घोटा काटकोनात वळवून तळवा खरंच टेकवायचा. तिसरं म्हणजे वजन. कोणावर भार नसल्यामुळे सगळे आरामात पडलेले दिसतात. खालच्या मुलीने गुडघे किंचित वाकवून थरथरायला हवं, वरच्यांनी तोल सावरत हात हलवायला हवेत. त्या थरथरीवरच सगळं टिकतं. वर चढायचं असेल त्याने कुशीवर सरकत यायचं, आणि सरकताना हात पकड घेतल्यासारखे चालवायचे. उन्हात सावली जमिनीला चिकटलेली दिसते. इमारतीची सावली अंगणावर आली की सुरू करा.

९. चालणारी खुर्ची

शोमोननेच १९०८ मध्ये एका हॉटेलातलं सामान आपोआप हलवलं. फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल उभं करण्यासाठी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवलं, तेही असंच एकेक फ्रेम घेऊन.

एका फोटोला दोन फ्रेम धरा, म्हणजे सेकंदाला १५ फोटो. सहा सेकंदांना ९०. फोटो व्हिडिओच्याच मापात (१६:९) घ्या. पहिले पाच फोटो खुर्ची एकेक सेंटिमीटर सरकवा, पुढचे पाच दोन-दोन, मग तीन-तीन. थांबताना पुन्हा उतरत या. फरशीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा आधीच करून ठेवा. नुसती सरकवली तर दोरीने ओढल्यासारखी दिसते. दर दोन फोटोंनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे किंचित वळवा, मग ती डुलत डुलत चालते. काम करणाऱ्याने दर वेळी त्याच जागी परत उभं राहायचं, नाहीतर त्याची सावली भिंतीवर नाचते.

१०. पडणं

गादीवर सराव करा. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, वजन ढुंगणावरून पाठीवर. तळहात मागे टेकू नका, मनगट जातं. जिने, कठडे, ओली फरशी पूर्ण वर्ज्य. १९२३ मध्ये घड्याळाला लोंबकळणारा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड गच्चीवर उभारलेल्या सेटवर होता, खाली गाद्यांचा फलाट. रस्ता खोल दिसतो तो कॅमेऱ्याच्या कोनामुळे. कीटनच्या अंगावर १९२८ मध्ये घराची खरी भिंत पडली आणि तो खिडकीच्या मोकळ्या जागेतून वाचला. तो शॉट पाहा, त्याची कुठलीही नक्कल करू नका.

११. पाट्या, संगीत, जोडणी

पाट्या (मूकपटात मध्ये येणारी लेखी वाक्यं) चारच्या वर नकोत. काळ्यावर पांढरी ठळक अक्षरं, आणि पाटी सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ. जे दिसतंय ते पाटीत लिहू नका.

संगीतात एक सापळा आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे हे मूकपट मोकळे आहेत. पण त्यांच्या नव्या प्रतींना जोडलेलं संगीत अलीकडचं असतं आणि ते मोकळं नसतं. घरातला तबला किंवा पेटी स्वतः वाजवून घ्या.

जोडणी झाली की आवाज बंद करून, ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कोणाला तरी दाखवा. पडद्याकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. खुर्ची गायब होताना त्याची नजर नटावर असेल तर जोड लपली. ती खिडकीच्या पडद्यावर, भिंतीवर किंवा सतरंजीवर गेली तर तिथे काहीतरी हललंय. त्या जागी एकेक फ्रेम पुढे-मागे करून शोधा आणि तेवढाच शॉट पुन्हा घ्या. त्यासाठी जमिनीवरच्या ट्रायपॉडच्या खुणा दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका.